समोरासमोरच्या खोल्या

टेंभुर्णी
२० सप्टेंबर २०२४

श्रीमती गौरम्मा यांस टेंभुर्णीहून रंभाबाईचा रामराम.

इहीणबाई म्हणावं का न्हाय, ह्या इचारात दोन कागद वाया गेले. तुमच्या गेलेल्या लेकाची बायकू ती आता माजी सून. तुमची नात ती माजी बी नात. मग तुमी माज्या कोण? आमच्या मालकांना इचारलं तर म्हणाले, "असल्या नात्याला नाव न्हाय, तू नुसता रामराम लिही." मी इहीणबाईच म्हणते. खटकलं तर कळवा.

आदी दोनदा फोन लावला व्हता. तुमी "हॅलो, कोण?" म्हणलं की माजं त्वांडच उगडंना. लग्नात आपण एकदाच भेटलो, तवा बी तुमी अक्षता टाकून लगेच गेलात. म्हणून कागद घेतला. सातवीपत्तूर शाळा झालीया, हात चालतो.

सांगायचं असं की दिवाळीच्या सुट्टीत माजा पृथ्वीराज आन सोनम सृष्टीला घिऊन खोपोलीकडं त्या पाळण्याच्या मोट्या पार्कात जाणार हायती. दोन रात्री तितंच हाटेलात ऱ्हायचं. मला बी नेत्यात. पोरीनं हट्ट धरलाय, सोलापूरची अज्जी पायजेच. पृथ्वीनं हाटेलांचे फोटू तुमच्या मोबाईलवर धाडलेत, ते बगा. पोरगी म्हणती, अज्जी म्हणंल ते हाटेल. मला पार्काच्या आतलंच आवडलंय. एकच दांडगी खोली, पाच पलंग, सगळी एका ठिकाणी. रात्री गप्पा मारायला बरं.

आनिक एक. लगीन हून वरीस झालं, पर पोरगी माज्या पृथ्वीला काय बी म्हणत न्हाय. काका न्हाय, पप्पा न्हाय. "ऐका ना" म्हणती, न्हायतर जवळ जाऊन बाही वढती. त्यो कवा बोलून दावत न्हाय. पर मी आई हाय की. तुमचं ती ऐकती. तितं भेटल्यावर जरा बोला तिच्याशी.

तुमची
रंभाबाई


सोलापूर
२८ सप्टेंबर २०२४

रंभाबाईंना गौरम्माचा शरणु शरणार्थी.

पत्र मिळालं. इहीणबाई खटकलं नाही. बऱ्याच दिवसांनी कुणी मला नात्याने हाक मारली. गल्लीत मी भाकरीवाली गौरम्मा आहे.

तुम्ही मला आठवणीने बोलावलंत, हे तुमचं मोठेपण आहे. फोटो पाहिले. पार्कच्या आतल्या हॉटेलची इमारत किल्ल्यासारखी रंगवली आहे, पोरांना आवडेल. पण सकाळच्या नाश्त्याचा जो फोटो आहे, त्यात एकाच लांब टेबलावर पोह्यांच्या शेजारी अंडी ठेवलेली दिसतात. वाढायचा चमचा कोण कुठून कुठे नेईल सांगता येत नाही. तुमच्या खाण्याला माझी काही हरकत नाही. मला मात्र तिथे घास उतरणार नाही, आणि मी न जेवता बसले की तुम्हा सगळ्यांचं जेवण कडू होईल.

तेव्हा तुम्ही पाचजणांऐवजी चौघं जा. खोलीही ऐसपैस होईल. मी सृष्टीसाठी शेंगाचटणी आणि कडक भाकरी पाठवते. तिला दुधात कुस्करून आवडते.

मालकांना नमस्कार.

गौरम्मा


टेंभुर्णी
४ ऑक्टोबर २०२४

इहीणबाईंस रामराम.

अंड्याचं काय घिऊन बसलाव! पृथ्वीला लगेच फोन केला. त्यानं दुसरं हाटेल काडलं, निळ्या काचांचं, सुद्द शाकाहारी, कांदा-लसूण नको म्हणलं तर तसं बी देत्यात. आमी बी दोन दिस अंड्याचं नाव काडणार न्हाय. आमचे मालक म्हणाले, "रंभे, तुला दोन दिस जमंल व्हय?" मी म्हणले, तुमी म्हशीचं बगा.

मालक येणार न्हायती. म्हस व्यायला झालीया.

ह्या हाटेलात बी पाच पलंगाची खोली हाय. चौथ्या मजल्यावर. वरनं पार्कातला मोटा पाळणा दिसतो म्हणं. फोटू धाडलाय, बगितला का?

तुमचं अक्षर लई गोमटं. माजी धाकटी जाऊ म्हणाली, ही बाई मास्तरीण असंल. कुटल्या शाळंत शिकलाव? आन लिवता बी छापल्यावानी. मी आपली बोलते तशी लिवते, हसू नका.

पोरगी रोज सोनमला इचारती, अज्जीनं कुटलं हाटेल सांगितलं?

रंभाबाई


सोलापूर
११ ऑक्टोबर २०२४

रंभाबाई, शरणु शरणार्थी.

शाळा म्हणाल तर मैंदर्गीत दोन वर्षं कन्नड शाळेत गेले, तेवढीच. मराठी मी लग्न होऊन सोलापुरात आल्यावर शिकले. आमच्या मालकांचं किराणा दुकान होतं. पुड्या बांधायला रद्दी यायची. पुडी बांधण्याआधी कागद वाचायचा, अशी मला खोड लागली. गिऱ्हाईक थांबलेलं असायचं आणि मी अर्धी बातमी संपवत असायचे. मालक ओरडायचे नाहीत. उरलेला कागद बाजूला काढून ठेवायचे. ते गेल्यावर दुकान गेलं, खोड राहिली. आता वाचनालयातून पुस्तक आणते. मराठी अशी कागदावरून शिकल्यामुळे मी बोलते एक आणि लिहिते एक. तुमचं बोलण्यासारखं लिहिणं वाचताना मला बरं वाटतं, घरात कुणी आल्यासारखं.

सध्या एका लांबच्या समुद्रप्रवासाचं पुस्तक वाचते आहे. त्यातली माणसं कुठेही पडतात आणि झोपी जातात. मला ते जमत नाही. निळ्या काचांचं हॉटेल मी नीट पाहिलं. त्या काचा भिंतीत बसवलेल्या आहेत, उघडणाऱ्या नाहीत. चौथ्या मजल्यावर बंद काचेच्या आत मला रात्र काढता येणार नाही. शिवाय न्हाणीघरात बादली दिसत नाही, नुसती वरून पडणारी धार आहे. डोक्यावरून पाणी घेतलं की मला महिनाभर सर्दी राहते.

दिवाळीनंतर भाकरीच्या ऑर्डरी असतात. मुंबई-पुण्याला गेलेले लोक परतताना घेऊन जातात. माझ्या हाताखाली दोघी बायका आहेत, पण पापुद्रा नीट भाजला का ते मलाच पाहावं लागतं.

म्हणून माझं नका धरू. सृष्टीला सांगा, अज्जीने निळ्या काचांचं पसंत केलं.

गौरम्मा


टेंभुर्णी
१६ ऑक्टोबर २०२४

इहीणबाई,

तुमचं पत्र मिळाल्याबरुबर पृथ्वीला फोन केला. त्यानं म्यानेजरला इचारलं, खिडकी उगडती का? म्यानेजर म्हणाला, सायेब, लोकं एशी हाय का इचारत्यात, खिडकीचं आजवर कुणी इचारलं न्हाय. मग पृथ्वीनं तिसरं हाटेल हुडाकलं. खाली-वर दोनच मजले, खिडकी उगडती, म्होरं झाडं. बादली न्हाय. मी म्हणले, आमच्या गाडीत घरची बादली टाका, तांब्या बी टाका. माजं पोरगं पार्कात निगालंय आन डिकीत बादली! तरी "टाकतो" म्हणाला.

मग मी फोन ठिवला आन तुमची दोन्ही पत्रं परत वाचली. आन मला कळलं. हाटेलात खोट न्हाय. तुमाला यायचंच न्हाय.

मी साधी बाई हाय, तुमी अंडं म्हणला की अंड्याचं बगितलं, काच म्हणला की काचंचं बगितलं. उद्या तुमी म्हणला असता पार्क लांब हाय, तर पार्क वढून सोलापुराजवळ आणायला पृथ्वीला सांगितलं असतं.

पयल्या पत्रात मी तुमाला एक लिवलं व्हतं. पोरगी माज्या पोराला काय बी म्हणत न्हाय. त्याचं तुमी उत्तर दिलं न्हाय. अंड्याचं दिलं.

आता सरळ इचारते. तुमी तिला शिकवलंय का? तुजा बाप एकच, दुसऱ्याला बाप म्हणू नको, असं? राग धरू नका. मी बी आई हाय. पृथ्वी चौतिशीचा झाला तरी लगीन जुळंना. मग आपिसात सोनम भेटली. आदी मी बी नको म्हणले व्हते, लेकरू असलेली कशाला म्हणून. त्यो म्हणाला, "आई, लेकरू बगून तर जा." बगितल्यावर मीच हो म्हणले. त्यो पोरीची चप्पल पुसतो, येणी घालायला शिकला. शाळंत बाया इचारत्यात, हे कोण? तर पोरगी म्हणती, "हे आमच्या घरी असतात." घरी असत्यात! जनू भाडेकरू.

तुमचा लेक गेला, त्याचं दुक मला कळतं. पर माजा जित्ता हाय की.

सोनमनं पोरीला सांगितलं, अज्जीला काम हाय, येणार न्हाय. तर पोरगी म्हणाली, मग मी बी न्हाय.

रंभाबाई


सोलापूर
२२ ऑक्टोबर २०२४

रंभाबाई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. रागाने नाही. तुम्ही बरोबर ओळखलंत, आणि ओळखलेलं अर्धंच बरोबर आहे, ते कसं सांगावं याचा विचार करत होते.

मी सृष्टीला काही शिकवलेलं नाही. माझ्या सोमेशच्या फोटोवर हात ठेवून सांगायला तयार आहे, पण तुम्ही तसं सांगायला लावणार नाही हे मला माहीत आहे. सोनमला लग्न कर म्हणून मीच मागे लागले होते. आमच्या जातीत विधवेची उडकी, म्हणजे दुसरं लग्न, पूर्वीपासून आहे, त्यात नवीन काही नव्हतं. सोमेश साध्या तापाने आठवड्यात गेला. माझे मालक गेले तेव्हा मी आणि सोमेश होतो. सोमेश गेला तेव्हा मी, सोनम आणि सृष्टी होतो. त्या दोघींना घर मिळालं म्हणून मी पेढे वाटले. ते खोटे नव्हते.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, ती मी कुणाला सांगितली नाही. सृष्टी सुट्टीत माझ्याकडे येते तेव्हा पुण्याच्या घराबद्दल बोलताना मध्येच थांबते. "परवा आम्ही सर्कशीला गेलो, मी, मम्मी आणि..." इथे थांबते. माझ्या तोंडाकडे पाहते. मग म्हणते, "आणि आम्ही." आठ वर्षांचं पोर शब्द गिळतं ते कुणासाठी? माझ्यासाठी. म्हणून मला वाटलं, मी जितकी बाजूला राहीन तितकी तिची जीभ लवकर सुटेल. पार्कात तुम्ही चौघं गेलात, मी नजरेसमोर नसले, तर पाळण्यात घाबरून तरी ती त्यांना काहीतरी म्हणेल. घाबरल्यावर माणूस खरी हाक मारतं. मी हॉटेलांना नावं ठेवत होते ती या हिशेबाने. तुम्ही प्रत्येक वेळी तोड काढाल हे मला वाटलं नव्हतं. बादलीचं वाचून मी एकटीच हसले.

दुसरं कारण आहे. ते लिहायला अवघड आहे, पण तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ लिहिते. ती पाच पलंगांची खोली. सोनम माझ्या घरात सोमेशची बायको म्हणून आली, त्यांच्या खोलीचं दार मी वाजवल्याशिवाय कधी उघडलं नाही. आता तीच मुलगी दुसऱ्या माणसाच्या शेजारच्या पलंगावर, आणि मी चार हातांवर जागी. माझ्या मनात त्या दोघांबद्दल काही वाईट नाही. तरी मला ते पाहवणार नाही. तिलाही मी पाहते आहे हे सोसणार नाही. लग्नाला वर्षच झालं आहे. त्या दोघांना त्यांचं दार असायला हवं.

पण माझं न येणं तुम्हाला रुसवा वाटला. तुमच्यासारख्या जाणत्या बाईला वाटला, तर त्या पोरीला काय वाटत असेल, असा विचार मी केला नव्हता. अज्जी रुसली असं तिच्या डोक्यात बसलं तर ती तो शब्द जन्मभर गिळेल.

मी येते. भाकरीचं बायका बघतील. माझी अट एकच आहे, एका खोलीत सगळे नको. दोन खोल्या घ्या. कुठल्याही हॉटेलात घ्या, काचा उघडोत न उघडोत.

तिच्याशी मी काय बोलू ते मला माहीत नाही. ते वचन देत नाही.

गौरम्मा


टेंभुर्णी
२८ ऑक्टोबर २०२४

इहीणबाई,

तुमचं पत्र म्हशीच्या गोठ्यात बसून वाचलं. मी लई बोलून गेले. आता लिवलेलं माघारी घेता येत न्हाय, तुमीच पोटात घाला.

खोलीचं माज्या डोक्यातच आलं न्हाय बगा. आमच्यात सगळी एका वसरीवर झोपायची, कोण कुणाशेजारी ह्याचा कोण इचार करतंय. तुमचं वाचून सोनमला फोन केला, म्हणले दोन खोल्या घ्या. ती म्हणाली, "आई, हे तुम्हाला कुणी सुचवलं?" मी म्हणले, मलाच सुचलं. खोटं बोलले, पर बरं बोलले.

तिसरं, झाडांचं हाटेल ठरलं. समोरासमोर दोन खोल्या, मदी बोळ. एकीत ती दोघं, एकीत तुमी, मी आन पोरगी. मी घोरते, आदीच सांगून ठिवते. मालक तर खळ्यात झोपायला जात्यात.

पुण्याला या, तितनं सगळी गाडीनं जाऊ.

तुमाला आन तुमच्या घराला दिवाळीचा रामराम.

रंभाबाई


टेंभुर्णी
१८ नोव्हेंबर २०२४

इहीणबाईंस रामराम.

खुशाल पोचलाव ना? म्हशीला रेडकू झालं, मालकांनी नाव "पार्क" ठिवलंय. मला चिडवायला.

हितं आल्यापासून बायांना सांगून सांगून माजा घसा बसला. पाण्याच्या त्या घसरगुंडीवर मी लुगड्यासकट गेले हे कुणाला खरंच वाटंना. तुमी काठावर माज्या चपला धरून हुब्या व्हता, तुमीच साक्ष. आन त्या भुताच्या घरात तुमी माजा दंड असा धरला व्हता की अजून काळानिळा हाय. वाचणाऱ्या बायांना भुताची भीती वाटती, हे मला नवीन.

आता ज्याच्यासाटी कागद घेतला ते. दुसऱ्या दिवशी सकाळी नाष्ट्याला आपण सगळी बसलो व्हतो. पृथ्वी तितं पलीकडं गाडीची काच पुसत हुबा. तुमी पोह्याची बशी हातात घिऊन म्हणालाव, "सृष्टी, जा, अप्पांना हाक मार, पोहे गार होतायत."

सगळी गार पडली. सोनमच्या हातातला चमचा तसाच ऱ्हायला. पोरगी तुमच्याकडं बगतच ऱ्हायली. सोनमनं मला मागनं सांगितलं की सोमेशला ती अप्पा म्हणायची, तुमच्यात बापाला तसं म्हणत्यात. परक्या ठिकाणी, इतकी माणसं, पोराची आठवण आली असंल, जुन्या सवयीनं त्वांडातनं गेलं असंल. मी सोनमला आन पृथ्वीला बाजूला घिऊन सांगितलं, त्यांची चूक मनावर घिऊ नका, आईचं मन हाय. पृथ्वीनं नुसती मान हलवली.

तुमी दिसभर गप व्हता. तवा मी इचारलं न्हाय. पर मनाला लावून घिऊ नका म्हणून लिवते.

आन नवल असं की त्याच वक्ताला पोरगी उटली, गाडीपत्तूर पळत गेली आन मोट्यानं म्हणाली, "अप्पा, चला की!" तवापासून तेच. फोनवर बी अप्पा, पुण्यात शाळंत बी अप्पा. मला वाटलं व्हतं पप्पा म्हणंल. आमच्यात आप्पा चुलत्याला म्हणत्यात! पर काय का आसंना, काय तरी म्हणती. तुमची जीभ घसरली आन माजं काम झालं. तुमाला मात्र इनाकारण तरास झाला, ह्याचं वाईट वाटतंय.

पृथ्वीला इचारलं, "तुला चालतं व्हय, त्यांच्या लेकाची हाक?" तर म्हणाला, "आई, मला कुठं निवडायची होती?"

रंभाबाई


सोलापूर
२६ नोव्हेंबर २०२४

रंभाबाई, शरणु शरणार्थी.

रेडकाचं नाव वाचून हसले. मालकांना सांगा, मोठं झालं की तिकीट लावा.

माझी जीभ घसरली नव्हती. तुम्ही मला सांभाळून घेतलंत, त्यासाठी तुमचे पाय धरावेत असं वाटतं, पण ज्याच्यासाठी सांभाळलंत ते घडलंच नाही. तुम्हाला खरं माहीत असायला हवं. सांगते.

त्या दिवशी उजाडल्यावर तुम्ही चहा कुठे मिळतो ते बघायला खाली गेलात. सृष्टी झोपली होती. मी आंघोळ करून खिडकीपाशी पूजेला बसले. आमची पूजा तुम्ही पाहिलेली नाही. गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं, विभूती लावायची, फूल वाहायचं आणि त्याच्यावर नजर लावून बसायचं. मध्ये बोलायचं नाही, उठायचं नाही. सोमेश लहान असताना नेमका त्याच वेळी येऊन पदर ओढायचा. म्हणून मी त्याला सांगितलं होतं की पूजेला बसलं की आईला काही ऐकू येत नाही. त्याने ते खरं मानलं. पुढे सृष्टीलाही मी तेच सांगितलं. तिनेही मानलं.

ती उठली. तिने "अज्जी" अशी हळू हाक मारली. मग जरा मोठ्याने मारली. मी वळले नाही. तिची खात्री पटली. ती अनवाणीच दार उघडून बोळ ओलांडून समोर गेली. आमचं दार तिने उघडंच ठेवलं. मला पाठीमागे सगळं ऐकू येत होतं.

"अप्पा," ती म्हणाली. "अप्पा, उठा की. आज आधी उंच पाळण्यात बसायचं, तुम्ही कबूल केलंय."

आतून लगेच उत्तर आलं, "आलो गं. चप्पल घाल आधी."

रंभाबाई, झोपेतून उठलेला माणूस पहिल्यांदा कानावर पडलेल्या हाकेला असं उत्तर देत नाही. तुमच्या मुलाला ती हाक सवयीची होती. किती दिवसांची, ते मला माहीत नाही, मी विचारणार नाही. पुण्याच्या घरात दार लावलं की ती त्यांना अप्पा म्हणत होती. माझ्यासमोर म्हणत नव्हती, कारण मला लागेल. तुमच्यासमोर म्हणत नव्हती, कारण टेंभुर्णीत बोललेलं सोलापूरला पोचेल. आणि तुमच्या मुलाने स्वतःच्या आईला वर्षभर वाईट वाटू दिलं, पण पोरीची गोष्ट फोडली नाही. तुम्ही त्याला बाजूला घेऊन माझी चूक समजावत होतात, तेव्हाही त्याने फक्त मान हलवली. तुमच्या लेकाबद्दल मला आता कुणी काही सांगायची गरज नाही.

पूजेत हात हलू द्यायचा नसतो. फूल खाली पडलं. आमच्यात माणसाला जाळत नाहीत, मातीत बसवतात. सोमेशला बसवलं तेव्हा त्याच्याबरोबर हा शब्दही तिथेच राहिला, असं मी धरून चालले होते. आमच्या घरात तो परत कुणी उच्चारला नाही. मीही नाही. पोरीने मात्र तो कधी खाली ठेवलाच नव्हता. इतके दिवस जवळ बाळगून तिला तो जिथे द्यायचा होता तिथे तिने दिला. माझ्यापासून लपवून दिला, एवढंच. आपल्या अज्जीसमोर आठ वर्षांच्या पोरीला चोरासारखं वागावं लागत होतं.

ती परत आली, माझी पाठ पाहिली आणि पांघरुणात शिरून गुणगुणत पडली. मी पूजा पुरी केली. कशी केली ते देवाला माहीत.

तिच्याशी काय बोलावं ते मला पत्र लिहितानाही माहीत नव्हतं आणि तेव्हाही सुचलं नाही. समजूत घालायला बसले असते तर तिला कळलं असतं की मी ऐकलं. म्हणून नाश्त्याला बशी उचलली आणि तिच्याच शब्दात तिला त्यांना बोलवायला सांगितलं. पोहे गार होत नव्हते, त्यातून वाफ येत होती. तुमच्या ते लक्षात आलं नाही. माझ्या तोंडून तो शब्द निघायला खिडकीपासून नाश्त्याच्या टेबलापर्यंतचा वेळ लागला. मग दिवसभर दुसरं काही बोलायला माझ्याजवळ उरलं नव्हतं. म्हणून गप्प होते. दुःखात नव्हते असं म्हणत नाही. पण ते नेहमीचं आहे, त्याचं तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

एक विनंती आहे. यातलं काही सृष्टीला कळू देऊ नका. पूजेत मला ऐकू येतं हे तिला समजलं तर ती माझ्या पाठीमागेही जपून बोलेल. मोठी होईल तसं तिला अजून पुष्कळ काही बोलायचं असेल. एक जागा असू दे.

रविवारी सोनमचा फोन आला होता. ती बोलत होती आणि तिच्या मागून सृष्टी घरभर हाका मारत होती, "अप्पा, माझी कंपास कुठंय? अप्पा!" माझ्या हातात भाकरीचा उंडा होता. तो परातीत टाकून मी दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. सोनमने विचारलं, "ऐकू येतंय ना?" मी म्हटलं, "येतंय. तू ठेवू नकोस, अजून थोडं बोल."

गौरम्मा